खान्देशचा माल, खान्देशातच कारखाना

महंमद हशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी अमळनेर निवडले. परिसरात भुईमूग पिकत होता आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग गावावरून जात होता. हीच कंपनी पुढे ‘विप्रो’ झाली आणि संगणकाच्या व्यवसायात उतरली. संगणकाच्या व्यवसायाला भुईमूग लागत नाही, त्यामुळे त्याचे केंद्र बंगळूरला गेले. जो धंदा इथल्या पिकावर उभा राहतो, त्यालाच इथून हलणे महाग पडते, हा धडा खान्देशने तेव्हाच घ्यायला हवा होता.

वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी तो घेतला. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. मग पीव्हीसी पाइप आले, ठिबक आले, टिश्यूकल्चरची केळीरोपे आली, कांदा सुकवण्याचा आणि फळांचा रस काढण्याचा उद्योग आला. शेतकरी त्यांच्या कंपनीचा ग्राहकही झाला आणि कच्चा माल पुरवणाराही. असे नाते मुंबई-पुण्याच्या औद्योगिक वसाहतीत जुळले नसते. जळगावच्या डाळमिलांनी तर त्याच्याही पुढची गोष्ट सिद्ध केली. कसब, बाजार आणि वाहतूक एका जागी जमली की बाहेरचा तूर-हरभराही भरडण्यासाठी इथे येतो.

धुळ्याची बाजू वेगळी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, म्हणजे मुंबई, इंदूर, सुरत आणि नागपूर अशा चारही दिशा ट्रकला मोकळ्या. उणीव होती ती थेट रेल्वेची. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. अनेक पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली तो हा मार्ग वेळेत पूर्ण झाला, तर नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीचे रूप पालटेल.

एवढे असूनही खान्देशच्या कापसाच्या गाड्या गुजरातेत जातात आणि रावेर-यावलची केळी बहुतांशी कच्चीच उत्तरेकडे रवाना होते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण भाव कोसळला की बागाईतदाराला आजही घड फेकून द्यावे लागतात. पिकवायचे आपण आणि त्यावरची कमाई दुसऱ्याने करायची, हे आणखी किती वर्षे चालणार?

शासन स्वस्त जमीन आणि करसवलती देते. त्यांचा उपयोग आहे, पण सवलतीच्या मोहाने आलेला कारखानदार सवलत संपताच दुसरे राज्य पाहतो. खान्देशला हवे आहे ते पाणी, अखंड वीज, शीतगृहे आणि पिकवणकेंद्रे. अमळनेरजवळचे पाडळसे धरण दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळले आहे. तापीचे पाणी डोळ्यांदेखत वाहून जात असताना उद्योजकाला निमंत्रण कोणत्या तोंडाने द्यायचे? जळगाव-धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी पक्ष बाजूला ठेवून पाडळसे आणि मनमाड-इंदूर या दोन कामांच्या तारखा सरकारकडून लेखी घ्याव्यात आणि विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात त्यांचा हिशेब मागावा.