तेल, पाणी आणि तो तिसरा

तेल आणि पाणी म्हणजे अजिबात न जमणारं जोडपं. कितीही फेटा, पाच मिनिटांत दोघं वेगळे! पण तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या साडेपाचशेच्या ‘नॅचरल’ मॉइश्चरायझरमध्ये हेच दोघं महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने नांदतात. कसं काय? मध्ये एक तिसरा असतो बॉस. त्याचं नाव इमल्सिफायर.

त्यातला हमखास भेटणारा भिडू म्हणजे लेसिथिन. गोब्ले नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८४० च्या दशकात तो अंड्याच्या बलकातून वेगळा काढला. आज तो मुख्यतः सोयाबीनमधून येतो. कच्च्या तेलात थोडं गरम पाणी घालून ढवळलं की चिकट गाळ वेगळा होतो. तो वाळवला की लेसिथिन तयार. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. झालं, भांडण मिटलं!

दिवाळीत साक्रीला गेले होते, तेव्हा आत्याने माझी ट्यूब उचलून विचारलं, “हाई काय शे?” मी ऐटीत म्हटलं, “तुमच्या शेतातलं सोयाबीन आहे त्यात!” आत्या हसली नाही. म्हणाली, “मग आमच्या पोत्याला भाव का मिळत नाही?”

खरंय. आपण पैसे मोजतो ते दाण्याला नाही, लेबलवरच्या ‘नॅचरल’ या शब्दाला. मग तो शब्द तरी तपासून घ्यायला नको?

फंडा सोपा आहे. ट्यूब उलटी करा. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ‘लेसिथिन’ दिसलं तर तिसरा ओळखीचा. ‘सिटिअरिल ऑलिव्हेट’ म्हणजे मूळ ऑलिव्ह तेलाचं, पण फॅक्टरीत घडवलेलं. ‘पॉलिसॉर्बेट ६०’ असेल, तर त्यात पेट्रोलियममधून येणाऱ्या इथिलीन ऑक्साइडचाही हात आहे. म्हणून ते लगेच वाईट ठरत नाही, फक्त ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ हा दावा गळून पडतो.

आणि हो, ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ वाचून लगेच खूश होऊ नका. जिथे पाणी आहे, तिथे बुरशी आणि जंतूही येतात. लेसिथिन तेल-पाण्याचं भांडण मिटवतं, जंतूंना हाकलत नाही. घरी कोरफड आणि खोबरेल फेटून क्रीम करणाऱ्यांनो, ते थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.