काचपेटीची पाठभिंत कोणासाठी?

पाळीव जिवांच्या काचपेटीमागे रंगीत चित्राचा कागद डकवावा आणि निसर्ग अवतरला असे मानावे, ही रीत अलीकडे बरीच रूढ झाली आहे. चित्रात धबधबा असतो, माडांची रांग असते. परंतु पेटीतील रहिवाशास त्याचा काडीमात्र उपयोग नसतो. आमच्या मते पाठभिंत स्वहस्ते करावी, आणि ती पाहणाऱ्याकरिता नव्हे, राहणाऱ्याकरिता करावी.

काचेआड ओलावा राखण्याची युक्ती तशी जुनीच आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. कोशाचे राहिले बाजूला, मातीतून नेच्याचे रोप वर आले! पुढे त्यांच्या नावाच्या काचपेट्यांतून रोपे सातासमुद्रांपार जाऊ लागली.

आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान-प्रदर्शनासाठी गोगलगायी निवडल्या. कोणी तारा-कासव सुचविले होते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पकडून पाळण्यास मनाई आहे. गोगलगायी मात्र पावसाळ्यात आमच्या बेळगावात जांभ्याच्या कुंपणावर हव्या तितक्या दिसतात. गोगलगाय दिवसा ओलसर फटीत दडून राहते व रात्री चरावयास निघते. हवा फार कोरडी झाली की ती कवचाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून घेते. गुळगुळीत काचेवर ती चढते खरी, पण तेथे ना आडोसा, ना आहार. खडबडीत ओल्या भिंतीवर शेवाळ धरते, ते ती कानशीसारख्या जिभेने खरवडून खाते.

म्हणून थर्मोकोलचा जाड तुकडा कोरून आम्ही त्यात कपारी पाडल्या, त्यावर सिमेंट व चाळलेली तांबडी माती यांचे लेप दिले, आणि शेवटचा लेप ओला असतानाच जांभ्याचा चुरा व नारळाचा काथ्या दाबून बसविला. भिंत देखणी झाली. घात केला तो आमच्या घाईने. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते. लेप वाळताच आम्ही सहा गोगलगायी आत सोडल्या. तिसऱ्या दिवशी साऱ्या कवचात शिरून बसल्या. दोन पुन्हा बाहेर आल्याच नाहीत. नव्या सिमेंटमधून चुन्याचा तीव्र क्षार पाझरतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. वाचले होते, इतकेच.

उरलेल्या चौघींना कुंपणावर परत ठेवून आम्ही भिंत बादलीत बुडविली. पाणी रोज बदलावयाचे आणि त्यात तांबडा लिटमस कागद बुडवावयाचा. तो निळा होईनासा होईपर्यंत तीन आठवडे गेले. प्रदर्शन केव्हाच उरकले होते. आम्हांस त्याची खंत नाही. ज्या भिंतीमुळे जीव जातो तिला पारितोषिक मिळाले असते तर मात्र वाटली असती.

गोगलगाय कुंपणावरच बरी, पेटी हवी कशाला, असे आमचे काही मित्र म्हणतात. या आक्षेपापुढे आम्ही निम्मे निरुत्तर आहोत. म्हणूनच आता पेटीत दोनच गोगलगायी आहेत, आणि महिनाभराने त्या जेथून आणल्या तेथेच सोडावयाच्या आहेत. खालच्या वर्गातील मुले दुपारच्या सुट्टीत काचेला नाक लावून उभी राहतात आणि तक्रार करतात, की पेटी रिकामीच आहे. त्या वेळी दोघी कपारीत निजलेल्या असतात.