आधी टायर, मग टर्बो

गेल्या शनिवारी सकाळी टपरीवर चहा पिताना एका मित्राने मोबाइल पुढे केला. त्यावर एक्सेल शीट! त्याच्याकडे 2021 ची पोलो आहे, 1.0 टीएसआय, मॅन्युअल गिअरबॉक्स. शीटमध्ये पार्ट्सची यादी होती : कोन फिल्टर, मोठा इंटरकूलर, डाउनपाइप, नवा सायलेन्सर, आणि सगळ्यात शेवटी स्टेज टू रिमॅप. प्रत्येक पार्टपुढे किंमत आणि त्याने किती हॉर्सपॉवर वाढेल तो आकडा. खाली दोन्हीची बेरीज. पैशांची बेरीज दीड लाखाच्या पुढे गेलेली, म्हणजे साहेबांचा यंदाचा आख्खा बोनस.

"तू हे सगळं आधी केलंयस, तर सांग. यातलं पहिलं काय घेऊ?"

मी म्हटलं, "टायर."

लग्नात स्टीलचा डबा आहेर म्हणून मिळाल्यासारखा चेहरा झाला त्याचा. "अरे, मी इंजिनाबद्दल विचारतोय!"

तेव्हा टपरीवर नीट सांगता आलं नाही (चहा संपला आणि घरून फोन आला), म्हणून आज सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे त्या शीटमधली हॉर्सपॉवरची बेरीजच चूक आहे. किमतींची बेरीज होते, हॉर्सपॉवरची होत नाही. फिल्टरचे 5, सायलेन्सरचे 8, डाउनपाइपचे 12 असे आकडे खाली जमा होत नाहीत. आपण प्रोग्रॅमरांना तरी हे कळायला हवं. डेटाबेसची क्वेरी अडकलेली असताना वेब सर्व्हर दुप्पट केला तर साइट किती फास्ट होते? शून्य. इंजिनाचंही तसंच. जिथे अडलंय तिथे हात घातला तरच फरक पडतो.

आता या इंजिनात नेमकं कुठे अडलंय? कंपनीचे आकडे बघा. 110 पीएस, आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क 1750 पासून 4000 आरपीएमपर्यंत. म्हणजे टॉर्कचा ग्राफ तिथे टेबलासारखा सपाट आहे. कुठलंही इंजिन आपणहून इतका सपाट ग्राफ देत नाही. ती रेघ सॉफ्टवेअरने ओढलेली असते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ईसीयू ठरवतो की आत्ता इतका टॉर्क द्यायचा. मग तो टर्बोचं प्रेशर आणि थ्रॉटल त्या हिशेबाने ठेवतो. त्यामुळे नुसता भारी फिल्टर लावला तर होतं काय? टर्बोचं काम किंचित हलकं होतं आणि टॉर्क 175 चा 175 च राहतो. फक्त "फुस्स" असा आवाज वाढतो आणि आपल्याला वाटतं गाडी पळायला लागली. आवाजाचे पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, पण ते पॉवरच्या खात्यात मांडू नयेत.

उलट त्या उघड्या कोन फिल्टरने नुकसान होऊ शकतं. कंपनीचा फिल्टर बॉक्स पुढून, बाहेरची थंड हवा घेतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर 30 अंश आणि आत 60 अंश असेल तर केल्विनमध्ये हिशेब करा : 303 भागिले 333. म्हणजे हवा 9 टक्के विरळ. विरळ हवा म्हणजे कमी ऑक्सिजन. टर्बो ते भरून काढतो खरा, पण जास्त राबून आणि हवा आणखी तापवून. तापलेल्या हवेने नॉकिंगचा धोका वाढतो, मग ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि पॉवर पडते. पैसे देऊन.

म्हणजे या गाडीत कुलूप सॉफ्टवेअरचं आहे, आणि किल्ली म्हणजे रिमॅप. जुन्या, बिनटर्बोच्या इंजिनांना रिमॅपने फार काही मिळत नाही, कारण तिथे जेवढी हवा आपोआप आत येते तेवढीच. टर्बोला मात्र प्रेशर वाढवायला सांगता येतं. नुसत्या सॉफ्टवेअरने टॉर्क वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढणं हे अशा इंजिनात नवलाचं नाही. मग प्रश्न असा की वाढलेला टॉर्क जातो कुठे?

तर जातो क्लचमध्ये. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या टर्बो हॅचबॅकला मी रिमॅप करून घेतला. करणाऱ्याने दीड तासात लॅपटॉप जोडून काम उरकलं आणि ग्राफ हातात दिला. ग्राफ सुंदर होता. क्लच किती किलोमीटर चाललाय हे त्याने विचारलं नाही, आणि मलाही ते सांगायची अक्कल नव्हती. दोन महिन्यांनी ताम्हिणी घाटात, चौथ्या गिअरमध्ये, एका ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर निघालो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला, गाडी मात्र आहे तिथेच. क्लच स्लिप झाला होता. समोरून एसटी येत होती. ट्रकवाल्याने ब्रेक मारून मला आत घेतलं, म्हणून आज हा लेख लिहितोय. बायको शेजारी बसली होती. मुळशीपर्यंत एक शब्द बोलली नाही. क्लच जळाल्याचा वास गाडीत दोन दिवस राहिला.

हॉर्सपॉवर वाढवायची म्हणजे एका साखळीची एक कडी जाड करायची. साखळी तुटते ती पुढच्या, बारीक राहिलेल्या कडीत. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर अशी ती साखळी आहे. आणि तिला जोडून ब्रेक. 100 च्या वेगाऐवजी 120 ने गेलात तर वेग 20 टक्के वाढतो, पण गाडीतली गतिज ऊर्जा 44 टक्के वाढते, आणि ती सगळी ब्रेकलाच जिरवायची असते. शेवटी रस्त्याला चिकटलेले असतात ते टायरचे चार तळहाताएवढे तुकडे. कडक झालेल्या पाच वर्षं जुन्या टायरवर 140 हॉर्सपॉवर घातले तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाकं जागेवर फिरतील आणि पावसाळ्यात वळणावर गाडी सरळ जाईल. आवाज छान येईल, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस म्हातारा झाला. तसं नाही. मला गाडी पळवायला अजूनही आवडतं. पण एक हिशेब करून बघा. आपल्या क्षेत्रात अ‍ॅमडालचा नियम आहे, 1967 सालचा : एखादा भाग कितीही वेगवान करा, एकूण फायदा तो भाग किती वेळ वापरला जातो त्यावर ठरतो. चार तासांच्या प्रवासात तुमचा पाय पूर्ण दाबलेला किती वेळ असतो? हिंजवडी-वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच. एक्सप्रेसवेवर सपाटीलाही मर्यादा 100 ची. उदारपणे सहा मिनिटं धरू. पॉवर 30 टक्के वाढली तर त्या सहा मिनिटांतलं फार तर दीड मिनिट वाचेल. वळणं आणि ब्रेक मात्र चारही तास आहेत. चांगले टायर आणि चांगले ब्रेक पॅड तुम्ही प्रत्येक मिनिटाला वापरता.

राहिला डाउनपाइप. बाजारात तो बऱ्याचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढूनच मिळतो. त्या डब्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियममुळे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं ते ह्याच धुरासाठी. तो डबा काढायचा, चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तो एरर दाबून टाकायचा, आणि वर दिल्लीच्या हवेबद्दल हळहळायचं, हे मला जमत नाही. प्रॉडक्शनमधले एरर लॉग बंद करून "बग सुटला" म्हणण्यातलाच हा प्रकार.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेत सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी बरोबर बाहेर येतो. दंड भरता येईल हो, पण अपघातात समोरच्याचं काही झालं आणि कंपनीने हात वर केले तर? त्या ट्रकवाल्याने त्या दिवशी ब्रेक मारला नसता तर? हा प्रश्न मला अजून अधूनमधून रात्री पडतो.

तर माझा क्रम असा. आधी गाडी कंपनीने दिली तशी पूर्ण तंदुरुस्त करा : स्पार्क प्लग, ऑइल, कूलंट, साधा नवा एअर फिल्टर. अर्धा हरवलेला पिकअप इथेच परत मिळतो. मग टायर. मग ब्रेक पॅड आणि नवा ब्रेक फ्लुइड. त्यानंतर क्लच तपासून घ्या. एवढं करून सहा महिने चालवा. त्यानंतरही इंजिन कमी वाटलं, तर रिमॅपचा विचार करा, तोही कुठल्या पेट्रोलसाठी केलाय ते विचारून, कमी आरपीएमला टॉर्कचा डोंगर न उभारणारा, आणि इन्शुरन्सला लेखी कळवून. ते "नाही" म्हणाले तर तिथेच थांबा. आणि मोजून घ्या, आधी आणि नंतर, त्याच डायनोवर. न मोजता केलेलं ऑप्टिमायझेशन म्हणजे नुसती श्रद्धा.

आणखी एक. चाकणला बनणारी ही पोलो 2022 मध्ये बंद झाली. इंजिन उडालं तर शोरूममध्ये जाऊन तशीच नवी घेता येणार नाही.

काल मित्राने सुधारलेली शीट पाठवली. डाउनपाइपची ओळ गेलीये, कोन फिल्टर गेलाय. पहिल्या ओळीत टायर आहेत. रिमॅप अजून आहे, पण त्याच्यापुढे लिहिलंय : "दिवाळीनंतर बघू." बेरीज पन्नास हजारांच्या आत.

उरलेल्या पैशांचं काय करणार विचारलं, तर म्हणाला, "पेट्रोल." हे मात्र पटलं :)