मळकी साखर, कच्चं तेल

इंडोनेशियाला आपली साखर हवी होती, पण फार स्वच्छ नको होती. साखरेचा रंग ‘इकुमसा’ या मापाने मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी साखर तपकिरी. त्यांची अट होती किमान १२००. कारखान्यात केमिस्ट म्हणून उमेदीची वर्षं घालवलेल्या मला हसूच आलं. इथे मांजरीत, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही शिकलो ते गंधकाच्या धुराने रस उजळवून पांढरा दाणा पाडायला. आणि हे गिऱ्हाईक म्हणतं, मळकी द्या!

त्यात शहाणपण होतं. मळकी साखर थेट दुकानात खपत नाही. ती त्यांच्याच रिफायनरीत जाणार, म्हणजे शुद्धीकरणाचा रोजगार आणि नफा तिथेच राहणार.

पामतेलात आपण हेच करतो. तेल इंडोनेशियाचं, पण कच्चं आणा. रिफाइंडवर शुल्क जास्त. साखरेची अट सैल करायची तर हे शुल्क उतरवा, असं त्यांचं म्हणणं होतं. अट ६००वर आली. आपणही १ जानेवारी २०२०पासून शुल्क ५०चं ४५ टक्के केलं आणि आठवडाभरात, ८ जानेवारीला, रिफाइंड पामतेलाच्या आयातीवरच निर्बंध घातले. रोख मलेशियावर होता म्हणतात. नियम मात्र सगळ्यांनाच लागला.

साखरेतही अशीच धरसोड. २०२१-२२च्या हंगामात सुमारे ११० लाख टनांची विक्रमी निर्यात झाली, तरी जून २०२२पासून निर्बंध आले. २०२३-२४मध्ये दार जवळपास बंद. मग जानेवारी २०२५मध्ये, निम्मं गाळप उरकल्यावर, १० लाख टनांना परवानगी. कच्ची करायची की पांढरी, हे पॅनवर रस चढण्याआधी ठरतं. पोत्यात भरलेल्या पांढऱ्या साखरेची मळकी कोण करणार? गिऱ्हाईक तोवर ब्राझील, थायलंडकडे वळतं.

आपल्या तेलाच्या रिफायनऱ्या जपायला माझा विरोध नाही. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं एकूण शुल्क २७.५वरून १६.५ टक्क्यांवर आलं, रिफाइंडचं ३५.७५ टक्केच राहिलं. रिफायनरीवाले खूश. पण स्वस्त कच्च्या तेलाशी लातूरच्या सोयाबीनची गाठ पडते, ते पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या फरकातून काय मिळालं?

उसाबाबत मागणं साधं आहे. कच्च्या साखरेचा निर्यात कोटा गाळपाआधी, सप्टेंबरातच जाहीर करा आणि हंगामभर त्याला हात लावू नका. टंचाईच्या वर्षी तो शून्य असला तरी हरकत नाही. शून्यसुद्धा सप्टेंबरातच कळवा.