विद्यापीठे कोणाच्या वास्तवाशी बांधलेली?

विद्यापीठे समाजापासून तुटली आहेत, अशी तक्रार दीक्षान्त समारंभांच्या हंगामात हटकून ऐकू येते. वस्तुतः ती कधीच अलिप्त नव्हती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा इंग्रजी जाणणारा नोकरवर्ग ही राज्यकर्त्यांची गरज होती. या शिक्षणाचा भार शेतकऱ्याच्या साऱ्यावर आणि लाभ मात्र वरिष्ठ वर्गास, ही विसंगती महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत होताच दलित वस्त्या जाळण्यात आल्या. नामविस्तारास १९९४ साल उजाडावे लागले. अलिप्त संस्थेच्या नावासाठी कोणी घरे पेटवीत नाही.

तेव्हा खरा प्रश्न आहे तो, विद्यापीठ कोणाच्या वास्तवाशी बांधलेले आहे, हा. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरील धाड हे बुलढाणा जिल्ह्यातील गाव १९८३ पर्यंत दूरच्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते, त्यानंतर अमरावतीच्या. विद्यापीठ जवळ आले, पदवीचा अर्थ मात्र बदलला नाही. कपाशी-सोयाबीन पिकविणाऱ्या घरातील मुलगा पदवी घेतो ती बहुधा शेतीतून सुटण्यासाठी. दोष त्याचा नव्हे. पदवी म्हणजे नोकरी, हे १८५७ चे समीकरण कायम राहिले. नोकऱ्या तेवढ्या आटल्या. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून पिकांचा विचार करीत आहे. परंतु कला-वाणिज्य शाखांत शिकणाऱ्या बहुसंख्यांना आपल्या शिवारातील पाणी, कर्ज आणि बाजारभाव हे अभ्यासाचे विषय वाटावेत, अशी व्यवस्था अद्याप व्हावयाची आहे. ती होईपर्यंत फुल्यांची तक्रार जुनी झाली, असे म्हणता येणार नाही.