संशोधनाचा उन्हाळा कुणाला परवडतो?

केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचा हिशेब सोपा आहे. मूलभूत विज्ञानात बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० महिन्याला ५,००० या दराने आणि उरलेले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी. त्यासाठी बारावीला आपल्या बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात असावं लागतं, किंवा जेईई-नीटसारख्या परीक्षेत वरचा क्रमांक लागतो. योजना वाईट नाही. पण तो संशोधक कुठून आणायचा, हे विद्यार्थ्यानेच बघायचं असतं.

मेंदूविज्ञानात ही अडचण जास्त बोचते. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र असतं, रसायनशास्त्र असतं, फार तर मायक्रोबायोलॉजी असते. न्यूरोसायन्सचा विभाग नसतो. एका चेतापेशीतला विद्युतप्रवाह मोजायचा तर न हलणारं टेबल, ॲम्प्लिफायर, चांगला सूक्ष्मदर्शक आणि हे सगळं हाताला धरून शिकवणारा माणूस लागतो. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरच्या एनसीबीएस, आयआयएससी आणि निमहान्स, मुंबईची टीआयएफआर, आयसर अशा मोजक्या ठिकाणी हे एकत्र मिळतं. म्हणजे नंदुरबारची मुलगी असो की बलांगीरचा मुलगा, उन्हाळ्याचे दोन महिने घर सोडून तिथे राहिल्याशिवाय काही खरं नाही.

आता हे दोन महिने बघा. आपल्याकडे सुट्टी म्हणजे कमाईचे दिवस. कुणी लग्नाच्या केटरिंगला जातं, कुणी पार्सल पोचवतं, कुणी घरच्यांबरोबर मजुरीला. ती मजुरी बुडते, वर रेल्वेचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे. शिष्यवृत्ती उशिरा येते ही तक्रार तर इतकी जुनी आहे, की ती आता कुणी बातमीतही घेत नाही. ज्याच्या घरी कुणी तीस हजार रुपये तीन महिने उसने देऊ शकतं, त्याच्यासाठी नंतर मिळणारा स्टायपेंड चालतो. बाकीच्यांसाठी तो नसल्यासारखाच. आणि ज्या लॅब उन्हाळी विद्यार्थ्यांना ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं! अनुभवाने खोलीभाडं भरता येत नाही.

पैशाइतकीच अवघड गोष्ट म्हणजे ओळख. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी फेलोशिप देतात, तिच्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात असं पत्र कसं लिहायचं हे प्राध्यापकांना पाठ असतं. विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, पुढच्या वर्षी असेन की नाही हे ठाऊक नसलेल्या सरांना ते कुणी शिकवलेलंच नसतं. निवडीत गुणवत्ता म्हणून जे मोजलं जातं, त्यात या पत्राचा वाटा किती आणि विद्यार्थ्याचा किती?

बाबासाहेबांच्या आयुष्यातही पैसा आणि ओळख या दोन गोष्टी जोडीनेच आल्या. केळुस्कर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ मध्ये कोलंबिया गाठता आलं आणि तिथे सेलिग्मन-ड्युईंसारखे शिक्षक लाभले. त्या वेळी ती एका गुरुजींची माया आणि एका राजाची मर्जी होती. शंभर वर्षांनी ती व्यवस्थेची जबाबदारी असायला हवी होती.

व्यवस्थेने काय केलं? २०१९ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायद्याने शिक्षकभरतीत आरक्षणाला बळ दिलं. पण त्याच कायद्याच्या कलम ४ ने काही संस्थांना ‘उत्कृष्टते’च्या नावाखाली वगळलं. त्यांच्या यादीत टीआयएफआर आहे आणि मानेसरचं मेंदू संशोधन केंद्रही आहे. म्हणजे मेंदूविज्ञानात जिथे मेंटॉर शोधायला जायचं, तिथेच मेंटॉर नेमताना आरक्षणाचं बंधन नाही. आरक्षित प्रवर्गातलाच शिक्षक आपल्या मुलांना नीट शिकवेल असं मी म्हणत नाही. चांगले गाईड सगळ्या जातींत असतात. मात्र २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने एम्सबद्दल दिलेला अहवाल वाचा. शिक्षक आपल्याला इतरांइतका वेळ आणि लक्ष देत नाहीत, असं अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी तिथे सांगितलं आहे. मार्गदर्शन म्हणजे शेवटी वेळ आणि लक्षच.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी कटऑफ शिथिल होता. २०२२ मध्ये ती परीक्षा बंद करून योजना इन्स्पायरमध्ये विलीन केली गेली. त्या शिथिल कटऑफचं पुढे काय झालं, हा प्रश्न आपल्या संघटनांनी संसदेत पोचवायला हवा होता. फी, वसतिगृह आणि पोस्ट-मॅट्रिकवर आपण लढतो, ते बरोबरच आहे. संशोधनाच्या पैशाकडे मात्र आपण अजून दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं बघतो.

मागणी अवघड नाही. स्टायपेंडचा पहिला हप्ता आणि प्रवासखर्च रुजू होण्याआधी खात्यात पडावा. मेंटॉर शोधण्याचं ओझं विद्यार्थ्यावर न टाकता संस्थेने तो नेमून द्यावा. कोणत्या प्रवर्गातल्या किती मुलांनी अर्ज केले आणि किती निवडले गेले, हे दरवर्षी जाहीर व्हावं. आणि प्रत्येकाने बंगळूरलाच का जावं? ओबेद सिद्दिकींनी टीआयएफआरमध्ये फळमाशीवर वास आणि चवीचा अभ्यास उभा केला. ती माशी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्टवर बाटलीत वाढते. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना पदवी कॉलेजांच्या विज्ञान विभागांसाठीच आहे. तिच्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी माश्यांची एक खोली आणि महिन्यातून दोनदा येणारा एक संशोधक इतकं तरी जमण्यासारखं आहे.

तोवर, जे पीएचडीपर्यंत पोचलेत त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजातल्या सरांना शिफारसपत्राचा एक नमुना पाठवावा. अकादमींचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडावर निघतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की विज्ञान विभागात एक चक्कर टाका. जे आत्ता बीएस्सीला आहेत त्यांनी प्राध्यापकाला ईमेल करताना त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचून त्यावर एक प्रश्न विचारावा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहावं, आणि पैसे मिळणार का हे पहिल्याच पत्रात, न लाजता विचारावं.