सायकल दिली, कारकिर्दीचे काय?

१/ अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासप्रेमींना ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे ठाऊक असते. दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील तो तह. आजचा थ्रेड मात्र तहाचा नाही. याच गावच्या अकोट-परतवाडा रस्त्यावर सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीचा आहे.

२/ राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत, शाळेपासून दूर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य मिळते. योजना उत्तमच. पण बारावी संपते आणि बहुतेकींची सायकलही तिथेच थांबते. रस्ता आणि ट्रॅक गाजवणारी व्यावसायिक सायकलपटू होणे हे स्वप्न तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

३/ 'मुलींना तेवढा दम नसतो' असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पुरुषांसाठी १८९३ मध्ये सुरू झाली, स्त्रियांसाठी १९५८ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये पुरुष १८९६ पासून आहेत. स्त्रियांना रस्त्यावरची शर्यत १९८४ मध्ये आणि ट्रॅक १९८८ मध्ये मिळाला.

४/ या विलंबाची किंमत कोणी मोजली? इंग्लंडच्या बेरिल बर्टन यांनी. १९६७ मध्ये त्यांनी १२ तासांत २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापले आणि पुरुषांचा विक्रमही मागे टाकला. रस्ता आणि ट्रॅक मिळून सात जागतिक विजेतेपदे मिळवणाऱ्या बर्टन रुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतावर राबत असत. ऑलिम्पिकचे दार उघडले तेव्हा त्यांचे वय ४७ होते.

५/ आता नेदरलँड्सच्या मारियाने फोस पाहा. २००८ मध्ये ट्रॅकवर आणि २०१२ मध्ये रस्त्यावर ऑलिम्पिक सुवर्ण. सामर्थ्य बर्टन यांच्याकडेही होते. फोस यांच्या काळी स्पर्धा होत्या, संघ होते. तरीही स्त्रियांच्या अव्वल संघांना किमान वेतनाचा नियम लागू झाला तो २०२० मध्ये.

६/ 'हे परदेशात ठीक, विदर्भात कसे?' तर भंडारा जिल्ह्याकडे पाहा. तेथील मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या ट्रॅक संघात होत्या. स्पर्धा बर्मिंगहॅमची, पण ट्रॅकच्या शर्यती झाल्या लंडनमध्ये, कारण वेलोड्रोम तिथे होता. यजमान शहरालाही ट्रॅकसाठी दुसरे शहर गाठावे लागले!

७/ वेलोड्रोम म्हणजे वळणांवर तीव्र उतार असलेली लंबवर्तुळाकार धावपट्टी. तिथल्या सायकलला ना गिअर बदलण्याची सोय, ना ब्रेक. हा सराव डांबरी रस्त्यावर होत नाही. पुण्याच्या बालेवाडीतील वेलोड्रोम अंजनगावाहून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे जायचे तर घर सोडावे लागते. सोबत वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षकही लागतो.

८/ आक्षेप रास्त आहे: कापूस-सोयाबीनच्या भावाची चिंता असलेल्या घराने मुलीला शर्यतीला का धाडावे? माझे उत्तर असे की, तो भार घरावर टाकूच नये. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये आपले पथक बर्लिन ऑलिम्पिकपर्यंत नेऊन भारतीय खेळ दाखवले. ते पथक संस्थेच्या बळावर गेले. वऱ्हाडाला हे जमते, याचा पुरावा वऱ्हाडातच आहे.

९/ म्हणून प्रत्येक गावी वेलोड्रोम मागणे व्यर्थ आहे. सुरुवात तालुक्याच्या वार्षिक शर्यतीने व्हावी: मोजलेले अंतर, घड्याळावर घेतलेली वेळ, जाहीर झालेला निकाल. त्यातून निवडलेल्या मुलीला वसतिगृह, आणि पुढे खेळाडू म्हणून नोकरी. कारकीर्द अशी पायरीपायरीने उभी राहते.

१०/ आणि आपले काम? बर्टन यांचा विक्रम आज सांगता येतो, कारण त्या दिवशी कोणीतरी वेळ आणि अंतर लिहून ठेवले. आपल्या तालुक्यातील मुलींच्या शर्यतींचे निकाल शोधा, जुनी कात्रणे जपा, नावे लिहा. १८०३ चा तह आपल्याला पाठ आहे. कारण तो कागदावर उतरला होता.